बुलेट जुनी, बुलेट नवी : थाट तोच, यंत्र वेगळे

अमेरिकेत साठीच्या दशकातल्या दणकट मोटारी नव्या अवतारात परत आल्या. आपल्याकडे तसाच नवा जन्म मिळाला तो चेन्नईच्या बुलेटला. पण जुन्या रूपात आलेली ही नवी गाडी खरोखरच जुनीची वारस आहे, की तिचा नुसता मुखवटा?

डुग... डुग... डुग... गल्लीच्या टोकाला हा आवाज उमटला की घरातली माणसे खिडकीपाशी न जाताच सांगतात, "बुलेट आली!" गावात ती फौजदाराची असे, नाहीतर एखाद्या ऊसबागायतदाराची, किंवा लष्करातून सुट्टीवर आलेल्या जवानाची. ज्याच्या दारात बुलेट, त्याचा गावात दबदबा, असा तो काळ होता.

आज त्याच घरांतून एक गोड भांडण ऐकू येते. आजोबांची काळी बुलेट अंगणात ताडपत्रीखाली उभी असते आणि नातू शोरूममधून नवी कोरी क्लासिक घेऊन येतो. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर पाहुण्याला पटकन फरक कळणार नाही. तीच थेंबाच्या आकाराची टाकी, तोच गोल दिवा, तीच तारांची चाके, टाकीवरची तीच सोनेरी रेघ. पण आजोबा नाक मुरडतात, "किक न मारता चालू होते, ती कसली बुलेट!" नातूही ऐकून घेत नाही. "आजोबा, तुमची चालू होईपर्यंत माझी साताऱ्याला पोचलेली असेल!"

या भांडणात खरे कोणाचे? त्याचे उत्तर शोधण्याआधी थोडे दूर, अमेरिकेत डोकावून यायला हवे. कारण हेच भांडण तिकडच्या घरांतही झाले आहे.

अमेरिकेच्या पहिलवान गाड्या

१९६४ साली पॉन्टिअ‍ॅक कंपनीने एक धाडस केले. मध्यम आकाराच्या साध्या मोटारीत तिने ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे अवाढव्य इंजिन बसवले आणि त्या गाडीला नाव दिले 'जीटीओ'. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची 'मस्टँग' आली. पाठोपाठ शेव्हरोलेची 'कमारो' आणि डॉजची 'चॅलेंजर' आली. मोठे इंजिन, परवडणारी किंमत आणि अंगावर येणारा आवाज यांमुळे तिकडच्या तरुणांना या गाड्यांनी वेड लावले. लोक त्यांना 'मसल कार' म्हणू लागले. आपण त्यांना पहिलवान गाड्या म्हणू या.

या पहिलवानांची ताकद होती ती सरळ रस्त्यावर धावण्याची. वळणावर त्या डगमगत आणि त्यांतल्या बहुतेकींचे ड्रम ब्रेक त्यांच्या वेगाला पुरे पडत नसत. सत्तरीच्या दशकात विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम कडक झाले आणि १९७३ साली तेलाचे संकट कोसळले. पाहता पाहता या गाड्यांचा जमाना संपला.

मात्र आठवणी संपल्या नाहीत. तरुणपणी ज्यांना ती गाडी घेता आली नव्हती, त्यांच्या हाती पुढे पैसा आला. कंपन्यांनी हे बरोबर हेरले. २००५ची मस्टँग साठीच्या दशकातले रूप घेऊन आली. २००८ साली चॅलेंजर परतली आणि त्यानंतर कमारो. नव्या चॅलेंजरच्या एका प्रकाराची ताकद तर ७०७ अश्वशक्ती होती. जुन्या गाड्यांना अशी ताकद स्वप्नातही शक्य नव्हती. नवी गाडी वळते चांगली, थांबते चांगली आणि अपघातात माणसाला वाचवतेही. मोजपट्टी लावली तर नवी जुनीला प्रत्येक बाबतीत हरवते.

तरीही लिलावात लाखो डॉलर मिळतात ते निवडक जुन्या गाड्यांनाच! आणि परतलेल्यांचेही सगळे सुरळीत झाले असे नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या त्या चॅलेंजरचे उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबले, कमारोचेही त्याच सुमारास. मस्टँग तेवढी टिकून राहिली.

ही मस्टँग २०१६ साली भारतातही विक्रीला आली होती. पण तिची किंमत साठ लाखांच्या पुढे होती. म्हणजे आपल्या घरांसाठी ती भिंतीवरच्या चित्रातलीच गाडी राहिली. जुने आणि नवे यांचा हा हिशेब आपल्या अंगणातल्या गाडीवर करायचा, तर 'भारताचे डेट्रॉइट' म्हणवणाऱ्या चेन्नईलाच जायला हवे.

तिरुवोट्रियूरचा कारखाना

चेन्नईच्या उत्तरेला, समुद्राला लागून तिरुवोट्रियूर नावाचे उपनगर आहे. त्यागराजस्वामींचे प्राचीन मंदिर ही त्याची जुनी ओळख. पण मोटारसायकलवेड्यांना हे नाव वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे. भारतातली बुलेट जन्मली ती इथे.

मूळ रॉयल एनफिल्ड इंग्लंडमधल्या रेडिच गावची. तिची पहिली मोटारसायकल १९०१ सालची आणि 'बुलेट' हे नाव १९३०च्या दशकाच्या सुरुवातीचे. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती. ३५० सीसीची बुलेट निवडली गेली. मद्रासची 'मद्रास मोटर्स' ही पेढी त्या गाड्या इंग्लंडहून मागवत असे. १९५५ साली तिने आणि रेडिचच्या कंपनीने मिळून 'एनफिल्ड इंडिया' स्थापन केली आणि तिरुवोट्रियूरला कारखाना उभा राहिला. सुरुवातीला सुटे भाग जहाजाने येत आणि इथे जोडले जात. पुढे यंत्रसामग्रीही आली आणि १९६२च्या सुमारास बुलेटचे सगळे भाग भारतातच तयार होऊ लागले.

यानंतर जे घडले ते मोठे गमतीचे आहे. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७०च्या सुमारास बंद पडली, पण तिचे मद्रासमधले लेकरू जगले. एवढेच नव्हे, तर १९७७ साली मद्रासची बुलेट उलट प्रवास करून इंग्लंडमध्ये विकली जाऊ लागली!

इथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. बुलेट इतकी वर्षे जशीच्या तशी राहिली, ती काही केवळ तिच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. तो परवान्यांचा काळ होता. बाहेरची गाडी येत नव्हती, स्पर्धा जवळजवळ नव्हती आणि गिऱ्हाईक नंबर लावून थांबत होते. मग बदल करायचा कशाला? अमेरिकेतल्या पहिलवान गाड्या मरण पावल्या आणि मग परतल्या. बुलेट मात्र मेलीच नाही. ती १९५५ सालात थांबून राहिली.

किक मारण्याची विद्या

जुनी बुलेट चालू करणे ही एक विद्या होती. ती वडिलांकडून मुलाकडे किंवा मिस्त्रीकडून शागिर्दाकडे जात असे. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. चावी फिरवायची. मग दिव्याच्या वरच्या बाजूला असलेल्या अ‍ॅमीटरच्या काट्यावर नजर ठेवून किक हळूच दाबायची. काटा मध्यावर आला, की पिस्टन वरच्या टोकाजवळ आला असे समजायचे. मग हँडलजवळची डिकॉम्प्रेसरची छोटी दांडी ओढून सिलिंडरमधली हवा सोडायची, किक किंचित पुढे न्यायची, दांडी सोडायची आणि मग एकच दमदार लाथ. जमले तर डुग डुग सुरू. चुकले, तर किक उलटी फिरून पिंढरीवर असा तडाखा देई की भलेभले लंगडत घरी जात.

गिअर उजव्या पायाखाली, ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. न्यूट्रल सापडत नसे म्हणून त्यासाठी टाचेजवळ एक वेगळी दांडी दिलेली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची घरे वेगवेगळी असल्याने कुठून ना कुठून ऑइल पाझरायचेच. 'खाली ऑइलचा डाग दिसला नाही, तर गाडीतले ऑइल संपले असे समजा,' असा विनोद बुलेटवाल्यांत प्रसिद्ध होता.

पण या कटकटीची दुसरी बाजूही होती. गाडी रस्त्यात बंद पडली तरी तिच्यात कोडे असे काही नसे. पॉइंट काजळले असतील तर पॉलिश पेपरने घासायचे. प्लग काढून पुसायचा. टॅपेटची ढिलाई बोटांनी चाचपून पान्याने जुळवायची. पाच-सहा पाने आणि एक पेचकस असला की माणूस अडून राहत नसे. त्यामुळेच लष्कराला ती हिमालयात चालली आणि शेतकऱ्याला शिवारात. मालकाला यंत्राची माहिती असावी ही त्या गाडीची अटच होती.

बंद पडता पडता

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला जपानी कंपन्यांच्या सहकार्याने १०० सीसीच्या हलक्या मोटारसायकली भारतात आल्या. एका लिटरमध्ये बुलेटच्या दुपटीने धावणाऱ्या, एका किकेत चालू होणाऱ्या, ऑइल न गळणाऱ्या. नोकरदार माणसाने बुलेटकडे पाठ फिरवली. एनफिल्डनेही लहान गाड्या काढून पाहिल्या. १९९३ साली डिझेलवर चालणारी मोटारसायकलसुद्धा आणली. पण घसरण थांबली नाही. ट्रॅक्टर आणि मालमोटारींच्या धंद्यातला आयशर समूह १९९०पासून कंपनीत आला होता. १९९४मध्ये कंपनी त्याच्याकडे गेली आणि तिला 'रॉयल एनफिल्ड' हे जुने नाव परत मिळाले.

तरीही २००० साल उजाडले तेव्हा महिन्याला जेमतेम दोन हजार गाड्या खपत होत्या. कारखान्याची क्षमता त्याच्या तिप्पट होती. धंदा बंद करावा की विकून टाकावा, असा विचार चालू असताना मालकांच्या घरातल्या सिद्धार्थ लाल या २६ वर्षांच्या तरुणाने तो सांभाळण्याची जबाबदारी मागून घेतली. ते स्वतः बुलेटवर फिरणारे होते.

त्यांच्यापुढचे संकट दुहेरी होते. गाडी बदलली नाही तर नवा ग्राहक येणार नाही. बदलली तर जुना रुसेल. आणि तसेच झाले. गिअर डाव्या पायाखाली आला तेव्हा जुने बुलेटस्वार चिडले. इलेक्ट्रिक स्टार्टर आला तेव्हा 'आता ही बायकांची गाडी झाली,' असे टोमणेही ऐकू आले. खरे तर ती सर्वांचीच गाडी होऊ लागली होती. हिसका देणाऱ्या त्या किकमुळे किती स्त्रियांना, किती किरकोळ अंगकाठीच्या माणसांना बुलेटपासून दूर राहावे लागले होते, याचा हिशेब कोणी ठेवलाच नव्हता.

हळूहळू इंजिन नव्याने आखले गेले. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांना एकाच घरात बसवणारी रचना आली आणि जन्मजात लागलेली ऑइलची गळती थांबली. मग २००९ साली भारतात 'क्लासिक' आली. रूप दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश एनफिल्डचे, अगदी स्प्रिंगांवरच्या एकट्या सीटसकट. पोटात मात्र नवे इंजिन. ही जोडी अशी जमली की गिऱ्हाईक पुन्हा नंबर लावून थांबू लागले. या वेळी परवान्यामुळे नव्हे, तर हौसेने.

तिरुवोट्रियूरचा जुना कारखाना आता पुरेना. चेन्नईच्या नैर्ऋत्येला, श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला ओरगडम येथे २०१३ साली आणि वल्लम वडगल येथे २०१७ साली नवे कारखाने सुरू झाले. २०१४ साली रॉयल एनफिल्डने तीन लाखांहून अधिक गाड्या विकल्या आणि अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनच्या जगभरातल्या विक्रीला मागे टाकले. २०२४-२५ या आर्थिक वर्षात हा आकडा दहा लाखांच्या वर गेला.

नव्या गाडीच्या पोटात

२०२० साली धुराचे 'बीएस-६' हे कडक नियम लागू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीचे अगदी नवे इंजिन आले. २०२१ साली ते क्लासिकमध्ये बसले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये खुद्द बुलेटमध्येही. आजोबांच्या आणि नातवाच्या गाडीत नेमका फरक काय, तो थोडक्यात पाहू.

इंजिन : जुनी ३४६ सीसी, सुमारे १८ अश्वशक्ती. नवी ३४९ सीसी, सुमारे २० अश्वशक्ती.
चालू करणे : जुनी किकने. नवी बटणाने. नव्या गाडीला किकच नाही.
गिअर : जुनीला चार, उजव्या पायाखाली. नवीला पाच, डाव्या पायाखाली.
पेट्रोल : जुनीत कार्बोरेटर. नवीत संगणकाच्या हिशेबाने फवारले जाणारे इंधन.
ब्रेक : जुनीला दोन्ही ड्रम. नवीला पुढे ३०० मिलिमीटरची डिस्क आणि चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा.
वजन : नवी क्लासिक १९५ किलोंची, म्हणजे जुन्या बुलेटहून पंचवीसेक किलोंनी जड.

आकडे पाहून एखाद्याला वाटेल, साठ-सत्तर वर्षांत ताकद फक्त दोन घोड्यांनी वाढली? अमेरिकन पहिलवान परतले ते अधिक ताकद घेऊन. बुलेट मात्र जवळजवळ तेवढ्याच ताकदीची राहिली. पण हेच या गाडीचे मर्म आहे. बुलेटचा माणूस वेगासाठी बुलेट घेतच नव्हता. ताशी साठ-सत्तरच्या वेगाने, झाडांकडे, शेतांकडे बघत, मागे बसलेल्या माणसाशी बोलत जाण्याची ती गाडी. कंपनीने तो संथपणा हात न लावता तसाच ठेवला आणि बाकीचे सारे बदलले.

३५०च्या आत राहण्याचा आणखी एक फायदा नंतर दिसला. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तर त्याहून मोठ्या इंजिनांवरचा कर वाढून ४० टक्के झाला.

आवाज कुठे गेला?

"सगळे खरे, पण तो आवाज नाही राहिला," ही जुन्या माणसांची मुख्य तक्रार. ती खोटी नाही.

बुलेटच्या इंजिनात एकच मोठा सिलिंडर. जुनीत त्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची वर-खाली धाव ९० मिलिमीटर. अशा लांब धावेच्या इंजिनाला जड चक्राची साथ असली, की ते अगदी हळू फिरूनही बंद पडत नाही. या चक्राच्या दोन फेऱ्यांत इंधनाचा एकच स्फोट होतो, म्हणून प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. 'डुग... डुग...' म्हणतात तो हाच. त्यासोबत येई ती थरथर. आरशात मागचा रस्ता धूसर दिसे, नटबोल्ट सैल होत आणि लांबच्या प्रवासानंतर हातांना मुंग्या येत.

नव्या इंजिनात व्यास ७२ आणि धाव ८५.८ मिलिमीटर. म्हणजे धाव अजूनही लांबच, त्यामुळे ठोका कायम आहे. पण आत उलट दिशेने फिरणारा एक तोलदांडा बसवला आहे. तो पिस्टनचा धक्का जिथल्या तिथे जिरवतो. आवाज राहिला, थरथर गेली. जुन्या माणसाला जे हरवल्यासारखे वाटते ते खरे तर ती थरथर असते. आवाज कानाने ऐकला जातो, पण बुलेट अंगाने ऐकली जात होती.

यावर काही तरुणांनी काढलेला तोडगा मात्र वाईट आहे. ते कंपनीचा सायलेन्सर काढून कर्कश आवाजाचा बसवतात. असे सायलेन्सर जप्त करून पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे महाराष्ट्रातल्या अनेक शहरांतून प्रसिद्ध झाली आहेत. असा सायलेन्सर बेकायदा तर आहेच, शिवाय शेजारच्या आजाऱ्यांना, तान्ह्या मुलांना होणारा त्रास वेगळाच. जुन्या बुलेटचा आवाज खोल होता, कर्कश नव्हता, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

वारस की मुखवटा?

जुने नाव परत आणण्याची हौस आज सगळीकडेच दिसते. पुण्याच्या आकुर्डीतल्या बजाजची 'चेतक' आठवते? एकेकाळी ती मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे. पुढे तिचे उत्पादन थांबले आणि २०२० साली ती परतली, ती विजेवर चालणारी होऊन. आता नाव तेच, अंगाची गोलाई थोडीफार तीच, पण पेट्रोलचा थेंब नाही. म्हैसूरची 'जावा' १९९६ साली बंद पडली आणि २०१८ साली नव्या मालकांच्या हातून परत आली, पण तिचा कारखाना आता मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला आहे. आणि खुद्द मद्रासचीच 'स्टँडर्ड हेरल्ड'? एके काळी डॉक्टर-वकिलांच्या दारात शोभणारी ती देखणी मोटार गेली ती गेलीच. तिला परत आणणारा कोणी भेटला नाही.

बुलेट यांच्याहून वेगळी ठरते, कारण तिच्यात खंड पडला नाही. गाव तेच राहिले आणि कामाची परंपराही काही अंशी तीच राहिली. टाकीवरची सोनेरी रेघच घ्या ना. लांब केसांच्या कुंचल्याने, पट्टी न लावता, एका दमात ती हाताने ओढली जाते. चेन्नईच्याच दोघा भावांनी वर्षानुवर्षे असंख्य टाक्यांवर ही रेघ ओढली. यंत्रमानव रंगकाम करू लागले, तरी हे काम माणसाच्या मनगटाकडेच राहिले. म्हणून बारकाईने पाहिले तर कोणत्याही दोन टाक्यांवरच्या रेघा तंतोतंत सारख्या नसतात.

पण एका बाबतीत धागा तुटला आहे, हेही मान्य करायला हवे. तो धागा म्हणजे मिस्त्री. कानाने इंजिनाची तब्येत ओळखणारे, आवाज ऐकून 'डावा टॅपेट वाजतोय' म्हणून सांगणारे कारागीर गावोगावी होते. नव्या गाडीचा दोष कानाला कळत नाही, त्यासाठी संगणक जोडावा लागतो. चेन्नईच्या पुदुपेट बाजारात जुन्या सुट्या भागांचे ढीग अजून दिसतात, पण ते ओळखणारे हात कमी होत चालले आहेत. नव्या बुलेटने मालकाची कटकट वाचवली, त्याबरोबर त्याच्या हातातली विद्याही काढून घेतली. गाडी चालवणारे वाढले, गाडी जाणणारे कमी झाले.

जुनी सांभाळावी की नवी घ्यावी?

मग ज्या घरात ताडपत्रीखाली जुनी बुलेट उभी आहे, त्यांनी काय करावे?

रोज कामावर जाण्यासाठी, लांबच्या प्रवासासाठी आणि मागे कुटुंबातले माणूस बसवण्यासाठी नवी गाडीच योग्य. इथे भावनेला थारा देऊ नये. समोर अचानक मूल आडवे आले तर डिस्क ब्रेक आणि एबीएसने जे थांबणे होते, ते जुन्या ड्रम ब्रेकने होत नाही. जुन्या पहिलवान गाड्यांनी अमेरिकेत जो धडा दिला तोच इथेही खरा आहे. आठवण कितीही गोड असली तरी ती ब्रेक लावत नाही.

एक धोका विशेष लक्षात ठेवावा. रोज नवी गाडी चालवणारा मुलगा रविवारी हौसेने आजोबांची बुलेट बाहेर काढतो. घाईच्या क्षणी त्याचा उजवा पाय सवयीने ब्रेक शोधतो, पण तिथे असतो गिअर! म्हणून जुनी गाडी रस्त्यावर नेण्याआधी मोकळ्या मैदानात पायांना पुन्हा सवय लावणे आवश्यक आहे. हेल्मेट तर दोन्ही गाड्यांवर हवेच.

मात्र जुनी गाडी भंगारात देण्याची घाईही करू नये. आधी कागदपत्रे पाहावीत. इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळतो का, ते तपासावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर आरटीओकडे नव्याने करून घ्यावी लागते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि तिच्यात मोठे फेरफार झालेले नसतील, तर २०२१च्या नियमांनुसार तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते. मात्र मग ती प्रदर्शन, रॅली अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. म्हणूनच हौसेने रंग, हँडल, टाकी बदलून गाडीचे मूळ रूप बिघडवू नये. जुन्या गाडीचे मोल तिच्या मूळपणात असते.

ती नुसती उभी ठेवू नये. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा चालू करावी. फार दिवस वापरायची नसेल तर टाकीतले पेट्रोल काढून ठेवावे, कारण आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी धरून टाकी गंजण्याची आणि जुनी रबरे खराब होण्याची भीती असते. आणि सर्वांत महत्त्वाचे, गावात एखादा जुना मिस्त्री असेल तर घरातल्या तरुणाला त्याच्याकडे पाठवावे. पॉइंट कसे जुळवायचे, टॅपेट कसे बसवायचे, हे पुस्तकापेक्षा त्याच्या हातांकडे बघून लवकर समजते.

तेव्हा आजोबांचेही खरे आणि नातवाचेही. आजोबांच्या बुलेटने माणसाला धीर शिकवला, यंत्र समजून घ्यायला शिकवले. नातवाच्या बुलेटने तोच थाट आजी-आई-बहिणीलाही खुला केला आणि प्रवास सुरक्षित केला. नवी गाडी मुखवटा नाही, वारसच आहे. पण वारसाने घर ताब्यात घेतले म्हणून आजोबांना अडगळीत टाकायचे नसते.

एखाद्या रविवारी सकाळी ताडपत्री काढावी. आजोबांनी अ‍ॅमीटरचा काटा दाखवावा, नातवाने डिकॉम्प्रेसर ओढावा, किक हळूच पुढे न्यावी आणि मग एक दमदार लाथ. पहिल्या झटक्यात जमणार नाही. दुसऱ्यातही नाही. पण चौथ्या-पाचव्या वेळी ती 'डुग डुग' बोलू लागली, की त्या घरातले भांडण मिटलेच म्हणून समजा.